अल्पभूधारकांची मिश्र शेती : धोका खरोखर विभागला जातो का?

२०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार भारतातील सरासरी जमीनधारणा १.०८ हेक्टर आहे. एवढ्याशा जमिनीवर एकच पीक घेतले आणि ते बुडाले, तर घराचे वर्षच बुडते. म्हणून 'दोन-तीन पिके घ्या, जोडीला जनावरे पाळा' असा सल्ला दिला जातो. तो केव्हा लागू पडतो, ते पाहू.

समजा, एक पीक चार वर्षांतून एकदा बुडते. दुसरेही तसेच, पण वेगळ्या कारणाने. मग दोन्ही एकाच वर्षी बुडण्याची संभाव्यता १/४ × १/४ = १/१६ होते. दोन्ही एकाच कारणाने बुडत असतील, तर ती १/४ च राहते. म्हणजे पिके किती, यापेक्षा त्यांचे धोके एकमेकांपासून किती स्वतंत्र, हे महत्त्वाचे.

विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन-तूर आंतरपीक घ्या. सोयाबीन सुमारे १०० दिवसांत निघते. शेंगा भरताना पावसाने ओढ दिली की उतारा घटतो. तूर साधारण १६० ते १८० दिवस उभी असते. तिची मुळे खोल जातात आणि फुलोरा पाऊस ओसरल्यावर येतो. त्यामुळे पावसाच्या एकाच खंडाचा फटका दोघांना सारखा बसत नाही. मात्र अख्खा पावसाळा कोरडा गेला, तर दोन्ही पिके अडचणीत येतात.

अशा वेळी शेळी उपयोगी पडते, कारण ती गरजेच्या महिन्यात विकता येते. पण तिला चारा हवा. ३० किलोच्या शेळीला रोज वजनाच्या सुमारे ३.५ टक्के, म्हणजे अंदाजे १ किलो शुष्क पदार्थ लागतो. ४ शेळ्यांना वर्षाला ४ × ३६५ = १,४६० किलो, जवळपास दीड टन. पिकांचे भुसकट, बांधावरचे गवत आणि सुबाभूळ यांतून तो भागवायचा. दुष्काळात चारा संपला की सगळेच जनावरे बाजारात आणतात आणि भाव पडतो. स्वतंत्र वाटणारा धोका पुन्हा पावसालाच बांधला जातो. म्हणून शेळ्यांची संख्या वाईट वर्षाच्या चाऱ्यावरून ठरवावी आणि लेंडीखत शेतातच परतवावे.

स्वाध्याय : केरळच्या पोक्काली शेतीत पावसाळ्यात खारे पाणी सोसणारा भात आणि नंतर त्याच खाचरात कोळंबी घेतात. या दोन उत्पन्नांचे धोके कोणते? त्यांतील सामायिक कोणते? आपल्या जिल्ह्यातील एका शेतकऱ्याशी बोलून त्याच्या शेतासाठीही असाच तक्ता तयार करा.