जिना उतरतानाच गुडघा का कुरकुरतो?

चढताना दम लागतो. पण झिजलेला गुडघा खरी बोंब मारतो तो उतरताना. सपाट चालतानाच गुडघ्यावर वजनाच्या अडीच-तीनपट भार येतो. उतरताना तो आणखी वाढतो, कारण मांडीच्या पुढच्या स्नायूला ब्रेकचं काम करावं लागतं. दुखतं म्हणून बसून राहिलं, की हाच स्नायू सुकतो आणि सांध्याचा आधार जातो. म्हणून खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, पाच-दहा सेकंद ताणून धरायचा. नुसतं तेल चोळण्यापेक्षा हे कितीतरी कामाचं. एक किलो वजन घटलं, तर पावलागणिक सुमारे चार किलो भार हलका होतो. आणि काठी? ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरा. अनेकजण नेमकी उलट धरतात.