आवडत्या नटाचे आगामी बोलपट

अमक्या नटाचा नवा बोलपट केव्हां येणार, अशी कुजबूज वर्गांत कानीं आली कीं मी मुलांना दटावीत असें. तोच प्रश्न मी घरीं वर्तमानपत्र चाळतांना स्वतःस विचारीत होतों, ही कबुली सेवानिवृत्तीनंतर द्यावयास हरकत नाहीं. माझा आवडता नट इरफान. नटास आपण प्रेमानें एकेरी संबोधितों, तसेंच येथें करितों. 'द लंचबॉक्स' पाहून आल्यावर मीं त्याच्यासाठीं एक वही घातली. डाव्या पानावर 'पाहिलेले' आणि उजव्या पानावर 'येणार', अशा दोन याद्या. या दोन्ही पानांनीं मला बरेंच चकविलें. तें कसें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

'द लंचबॉक्स' आपल्याकडे २० सप्टेंबर २०१३ रोजीं प्रदर्शित झाला. मुंबईच्या डबेवाल्यांची ख्याति अशी कीं ते चुकत नाहींत; येथें एक डबा भलत्याच मेजावर जातो, आणि साजन फर्नांडिस या विधुर कारकुनास एका अनोळखी गृहिणीच्या चिठ्ठ्या येऊं लागतात. साजनची निवृत्ति जवळ आलेली आहे. माझीहि त्या वेळीं फारशी दूर नव्हती, त्यामुळें माझें मत निःपक्षपाती समजूं नये. परंतु डब्याचा कप्पा उघडून, वास घेऊन, क्षणभर थांबणारा तो माणूस मला अजून दिसतो. शब्द नाहीं, हातवारे नाहींत. वरच्या मजल्यावरील देशपांडे काकू तर सबंध बोलपटांत दिसतच नाहींत. भारती आचरेकर यांचा केवळ आवाज ऐकूं येतो. आकाशवाणीच्या श्रोत्यांस त्याची गोडी विशेष कळेल.

आतां मुख्य मुद्दा. बोलपट ज्या क्रमानें आपल्यापुढें येतात, त्याच क्रमानें नटानें ते केलेले असतात असें नाहीं. चित्रण संपल्यावर संकलन होतें, ध्वनि जुळविला जातो, मग केंद्रीय प्रमाणन मंडळाचें प्रमाणपत्र लागतें; आणि एवढें होऊनहि वितरक पुढें आला नाहीं तर चित्रपटगृह मिळत नाहीं. परदेशांतील महोत्सव आधीं आणि आपलें गांव कित्येक महिन्यांनीं, असेंहि होतें. 'पानसिंग तोमर' लंडनच्या महोत्सवांत २०१० सालीं दाखविला गेला. आपल्याकडे तो २ मार्च २०१२ रोजीं आला. सैन्यांतील धांवपटू पुढें चंबळच्या खोऱ्यांत बागी होतो, त्या भूमिकेबद्दल इरफानला उत्कृष्ट नटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. म्हणजे सरकारनें गौरविलेलें काम तोंवर पेटींत पडून होतें!

'किस्सा'ची हकीकत याहून बोलकी. फाळणींत घरदार गमावलेला शीख गृहस्थ आपल्या मुलीस मुलगा म्हणून वाढवितो, अशी ती कठोर भूमिका. टोरांटोच्या महोत्सवांत हा बोलपट सप्टेंबर २०१३ मध्यें दाखविला गेला, आणि आपल्या चित्रपटगृहांत आला फेब्रुवारी २०१५ मध्यें. त्याच वर्षीं मे महिन्यांत 'पिकू' आला. त्यांत इरफान भाड्याच्या मोटारींचा धंदा करणारा गृहस्थ आहे, आणि एका हट्टी म्हाताऱ्याच्या पोटाच्या तक्रारी ऐकत दिल्लीहून कोलकात्यास मोटार हांकतो. वहींत या दोन ओळी शेजारीं शेजारीं पाहून मीं निष्कर्ष काढला कीं, नटानें तीन महिन्यांत केवढें वळण घेतलें! निष्कर्ष साफ चुकीचा. दोन्ही कामांमध्यें निदान एका वर्षाचें तरी अंतर होतें. विद्यार्थ्यानें सनावळींत अशी चूक केली असती तर मीं त्याचे गुण कापले असते. मराठी दिग्दर्शक निशिकांत कामत यांच्याबरोबर केलेल्या 'मुंबई मेरी जान' (२००८) आणि 'मदारी' (२०१६) यांबाबत मात्र असा घोळ नाहीं.

उजवें पान याहून फसवें. वृत्तपत्रांत 'आगामी' या एकाच शब्दाखालीं नुसती घोषणा येते, चालू असलेलें चित्रण येतें, आणि सर्व तयार होऊन तारीख ठरलेला बोलपटहि येतो. सपना दीदी या स्त्रीच्या जीवनावरील, विशाल भारद्वाज यांनीं योजिलेला बोलपट मीं शाईनें लिहून टाकला. २०१८ च्या आरंभीं तो पुढें ढकलला गेला. मार्चमध्यें इरफाननें स्वतःच जाहीर केलें कीं आपणांस न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर झाला आहे. उपचारांसाठीं तो लंडनला गेला. आणि तरीहि एप्रिलमध्यें 'ब्लॅकमेल' आला, ऑगस्टमध्यें 'कारवां' आला. आमच्या शेजारचे वकीलसाहेब मला म्हणाले, "मास्तर, तुमचा माणूस बरा झालेला दिसतो. लागोपाठ दोन बोलपट!" मलाहि तसें मानावेंसें वाटत होतें, म्हणून मी गप्प राहिलों. परंतु दोन्ही चित्रणें दुखणें कळण्यापूर्वींच उरकलेलीं होतीं. पडद्यावर जो हिंडत होता तो आदल्या वर्षींचा इरफान होता.

२०१९ सालीं तो परतला आणि 'अंग्रेजी मीडियम'मध्यें उदयपूरच्या मिठाईवाल्याचें काम त्यानें पुरें केलें. मुलीस लंडनला शिकावयास पाठविण्यासाठीं धडपडणारा हा बाप १३ मार्च २०२० रोजीं चित्रपटगृहांत आला. साथीमुळें थोड्याच दिवसांत देशभर चित्रपटगृहें बंद झालीं. ६ एप्रिलपासून तो इंटरनेटवरून घरोघर दिसूं लागला. २९ एप्रिल रोजीं मुंबईंत इरफान वारला. त्याचें वय ५३ होतें.

वही मीं फडताळांत ठेवून दिली. पण ती पुन्हां काढावी लागली. कित्येक वर्षांपूर्वीं चित्रित झालेला 'मर्डर ॲट तीसरी मंजिल ३०२' हा बोलपट ३१ डिसेंबर २०२१ रोजीं इंटरनेटवर आला. पुढें २८ एप्रिल २०२३ रोजीं, म्हणजे मृत्यूच्या तिसऱ्या वर्षदिनाच्या आदल्या दिवशीं, 'द साँग ऑफ स्कॉर्पियन्स' चित्रपटगृहांत लागला. 'किस्सा'चेच दिग्दर्शक अनुप सिंग, राजस्थानचें वाळवंट, उंटांचा व्यापारी झालेला इरफान. कित्येकांनीं याला त्याचा शेवटचा बोलपट म्हटलें. तो शेवटीं आला एवढेंच खरें; लोकार्नोच्या महोत्सवांत तो २०१७ सालींच दाखविला गेला होता. त्याच्या चर्येवर दुखण्याची छाया शोधूं पाहणाऱ्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. शेवटचें काम पाहावयाचें असेल तर तें 'अंग्रेजी मीडियम'मध्यें आहे.

उधमसिंगाची भूमिका दिग्दर्शक शूजित सरकार यांनीं प्रथम इरफानसाठीं योजिली होती. 'सरदार उधम' १६ ऑक्टोबर २०२१ रोजीं आला तेव्हां ती विकी कौशल यानें केलेली होती. सूनबाईंनीं विचारलें, "बाबा, हा कोणत्या पानावर लिहिणार?" मीं तो कोणत्याच पानावर लिहिला नाहीं. बोलपट मात्र दोनदां पाहिला. विकीचें काम चांगलें झालें आहे.