जरा, रसायन आणि पेशीचे आयुष्य : रेण्वीय जीवशास्त्राचे निष्कर्ष व आपली जबाबदारी

जरा हा व्याधी आहे की स्वभाव, हा प्रश्न आयुर्वेदास नवा नाही. सुश्रुताचार्यांनी क्षुधा, तृषा, निद्रा व मृत्यू यांच्यासमवेत जरेची गणना स्वभावबलप्रवृत्त व्याधींत केली आणि त्यांचे कालकृत व अकालकृत असे दोन भेद मानले. शरीराचे यथायोग्य रक्षण करूनही योग्य वेळी येते ती कालकृत जरा. रक्षणाअभावी अवेळी येते ती अकालकृत. चरकाचार्यांनी शारीरस्थानात स्वभावास प्रतिक्रिया नाही असे सांगितले, आणि त्याच संहितेत चिकित्सास्थानाचा आरंभ मात्र रसायनाध्यायाने केला. या दोन विधानांमध्ये जो अवकाश आहे, तोच वैद्याच्या कर्तृत्वाचा प्रांत होय. गेल्या सुमारे साठ वर्षांत रेण्वीय जीवशास्त्रही याच प्रांतात शिरले आहे. तेथे नेमके काय सापडले आणि काय सापडलेले नाही, याचा परामर्श घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

या लेखनास एक प्रसंग निमित्त झाला. काही महिन्यांपूर्वी एका परिचित औषधनिर्मात्यांनी आपल्या नव्या आमलकी-कल्पाच्या माहितीपत्रकाचा मसुदा प्रस्तुत लेखकाकडे तपासणीसाठी पाठविला. त्यात ठळक अक्षरांत लिहिले होते : ‘टेलोमिअरची लांबी वाढवून वार्धक्य उलटविणारे, संशोधनसिद्ध रसायन.’ लेखकाने त्या वाक्याखाली लाल रेघ ओढली. त्यावर त्यांचा प्रश्न आला, ‘वैद्यराज, संशोधन तर झालेले आहे, मग हरकत काय?’ प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर एका वाक्यात देण्याजोगे नव्हते.

पेशीची विभाजनमर्यादा

अॅलेक्सिस कॅरेल या नोबेलविजेत्या शल्यविशारदांनी १९१२ साली कोंबडीच्या गर्भाच्या हृदयातील पेशींचे संवर्धन सुरू केले. ते तीन दशकांहून अधिक काळ चालू राहिले आणि शरीराबाहेर पेशी अमर असतात, असा समज रूढ झाला. १९६१ साली लिओनार्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी हा समज खोटा ठरविला. मानवी गर्भातील पेशी प्रयोगशाळेत सुमारे ५० वेळा विभागतात आणि नंतर थांबतात, असे त्यांना आढळले. या मर्यादेस आज ‘हेफ्लिक मर्यादा’ म्हणतात.

तिचे एक प्रमुख कारण गुणसूत्रांच्या टोकांशी आहे. पादत्राणाच्या नाडीचे टोक उसवू नये म्हणून त्यावर आवरण बसविलेले असते. त्याचप्रमाणे गुणसूत्राच्या टोकाशी एकाच अनुक्रमाची सहस्रावधी वेळा पुनरावृत्ती झालेला जो भाग असतो, तो टेलोमिअर होय. प्रत्येक विभाजनात त्याचा थोडा अंश झिजतो. झीज एका मर्यादेपलीकडे गेली की पेशी विभाजन थांबविते. ही झीज भरून काढणारे टेलोमरेज नावाचे विकर जननपेशींत व काही मूलपेशींत कार्यरत असते, इतर बहुतांश पेशींत ते जवळजवळ निद्रिस्त असते. या शोधासाठी एलिझाबेथ ब्लॅकबर्न, कॅरोल ग्रायडर व जॅक शोस्टाक यांना २००९ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथवर वाचून टेलोमरेज जागे केले की काम झाले, असे कोणासही वाटेल. परंतु निसर्गाने हे विकर विनाकारण निजविलेले नाही. मानवी कर्करोगाच्या सुमारे ८५ ते ९० टक्के अर्बुदांत टेलोमरेज पुन्हा कार्यरत झालेले आढळते. अमर्याद विभाजनाची क्षमता त्या पेशी याच मार्गाने मिळवितात. विभाजनाची मर्यादा हे वार्धक्याचे एक कारण आहे, तसेच ते अर्बुदापासूनचे संरक्षणही आहे. म्हणून ‘टेलोमिअर वाढवितो’ हा दावा खरा असता, तरी तो निर्धास्तपणे मिरविण्याजोगा ठरला नसता.

आहार, अग्नी व दीर्घायुष्याची जनुके

वार्धक्याची गती बदलता येते याचा पहिला भक्कम पुरावा जनुकांतून नव्हे, तर आहारातून मिळाला. १९३५ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात क्लाइव्ह मॅके व सहकाऱ्यांनी उंदरांना पोषक घटक पुरेसे, परंतु उष्मांक कमी असा आहार दिला. ते उंदीर अधिक काळ जगले. पुढे १९९३ साली सिंथिया केन्यन यांनी सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या, दोन-तीन आठवडे जगणाऱ्या एका सूत्रकृमीत ‘डॅफ-२’ या एकाच जनुकातील बदलाने आयुष्य दुप्पट होते असे दाखविले. हे जनुक इन्सुलिन व तत्सम संप्रेरकांचा संदेश स्वीकारणाऱ्या ग्राहकाचे आहे, हे १९९७ साली स्पष्ट झाले. अन्न विपुल आहे असा संदेश मिळाला की शरीर वाढ व प्रजनन यांकडे वळते; संदेश मंदावला की दुरुस्ती व संरक्षण यांकडे वळते. याच प्रयोगशाळेने पुढे त्या कृमींच्या आहारात ग्लुकोज मिसळून पाहिले, तेव्हा त्यांचे आयुष्य घटले. ज्यांच्या अवलेहांत शर्करेचे प्रमाण मोठे असते, त्या आपण सर्वांनी ही नोंद ध्यानी ठेवावी. मधुमेही रुग्णास रसायन म्हणून अवलेह देताना तर विशेषच.

दुसरा मार्ग ‘एमटॉर’ या प्रथिनाचा. त्याची कथा आपल्या देशाशी जोडलेली आहे. १९६४ साली कॅनडाच्या एका वैद्यकीय मोहिमेने प्रशांत महासागरातील रापा नुई बेटावरून मातीचे नमुने आणले. त्यांतील एका जीवाणूपासून माँट्रिअल येथे सुरेन्द्रनाथ सेहगल व सहकाऱ्यांनी एक द्रव्य वेगळे केले. सेहगल हे बनारस हिंदू विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकलेले. बेटाच्या नावावरून त्या द्रव्यास रॅपामायसिन असे नाव पडले. प्रथम बुरशीनाशक म्हणून अभ्यासिलेले हे औषध १९९९ साली अमेरिकेत वृक्करोपणाच्या रुग्णांसाठी मान्य झाले. २००९ साली तीन स्वतंत्र प्रयोगशाळांनी ते ६०० दिवस वयाच्या, म्हणजे उतारवयातील उंदरांना दिले. ९० टक्के उंदीर मृत होण्याचे वय माद्यांत १४ टक्क्यांनी व नरांत ९ टक्क्यांनी वाढले. तथापि हे औषध व्याधिक्षमत्व दडपणारे आहे. निरोगी माणसाचे आयुष्य त्याने वाढते, असे सिद्ध झालेले नाही.

वानर व मानव यांच्याविषयीचे निष्कर्ष अधिक सावध आहेत. अल्पाहारावरील ऱ्हीसस माकडांच्या आयुष्यात विस्कॉन्सिन येथील अभ्यासास २००९ साली लाभ दिसला. अमेरिकेच्या राष्ट्रीय वार्धक्य संस्थेच्या अभ्यासास २०१२ साली आयुर्मानात तसा लाभ दिसला नाही. तुलनागटातील माकडांना काय व किती खाऊ घातले होते, यावर हा भेद पुष्कळ अंशी अवलंबून होता. माणसांवरील ‘कॅलरी’ नामक अभ्यासात दोन वर्षे २५ टक्के उष्मांक कमी करण्याचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात सुमारे १२ टक्केच साधले. त्यांच्या रक्तातील जनुकीय खुणांवरून मोजलेली वार्धक्याची गती २ ते ३ टक्क्यांनी मंदावल्याचे २०२३ साली प्रसिद्ध झाले. मिताहाराचा उपदेश करणाऱ्या शास्त्रास हे समाधानकारक वाटेल. परंतु कृश, वृद्ध व वातप्रकृती रुग्णास सरसकट लंघन देण्यास यातून आधार मिळत नाही.

एका द्रव्याची कहाणी

द्राक्षांच्या सालीतील रेस्व्हेराट्रॉल या द्रव्याची हकिगत प्रत्येक औषधनिर्मात्याने वाचावी अशी आहे. २००३ साली ते किण्व पेशींचे आयुष्य वाढविते असे प्रसिद्ध झाले. २००६ साली मेदबहुल आहारावरील उंदरांना त्याचा लाभ दिसला. २००८ साली या संशोधनावर उभी असलेली सर्ट्रिस ही कंपनी सुमारे ७२ कोटी डॉलरना विकली गेली. मग चाचणीची पद्धतच दिशाभूल करीत असावी, असे आक्षेप आले आणि नेहमीच्या आहारावरील उंदरांत आयुष्यवृद्धी आढळली नाही. २०१३ साली खरेदीदार ग्लॅक्सोस्मिथक्लाइनने सर्ट्रिसचे स्वतंत्र कार्यालय बंद केले. वेष्टनांवरील दावे मात्र टिकून राहिले. प्रयोगशाळेतील एका खुणेवरून आयुष्याचे वचन देण्याचा हा परिणाम होय.

रसायनांवर काय झाले आहे

आता औषधनिर्मात्यांच्या प्रश्नाकडे वळू. ज्येष्ठ हृदयशल्यविशारद डॉ. मा. शं. वलियाथन यांच्या पुढाकाराने आयुर्वेदातील मूलभूत विज्ञानाचा जो उपक्रम सुरू झाला, त्यातून आमलकी रसायनावर लक्षणीय कार्य झाले. बनारस हिंदू विद्यापीठात प्रा. सुभाषचंद्र लखोटिया यांच्या गटाने फळमाशीच्या आहारात ग्रंथोक्त पद्धतीने सिद्ध केलेले आमलकी रसायन मिसळले. माश्यांचे मध्यम आयुर्मान व उपासमार सोसण्याची क्षमता वाढली. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले.

मणिपाल येथील अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात एकूण ५२ निरोगी व्यक्ती होत्या. कोष्ठशुद्धीनंतर काहींना आमलकी रसायन, काहींना त्यासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य ४५ दिवस दिले गेले. रसायनगटाच्या रक्तपेशींत टेलोमरेजची क्रियाशीलता वाढलेली दिसली. टेलोमिअरच्या लांबीत मात्र उल्लेखनीय फरक आढळला नाही.

माहितीपत्रकातील वाक्याचे मूळ येथे होते आणि त्याचे खंडनही येथेच होते. लांबी वाढली असे त्या अभ्यासाने म्हटलेलेच नाही. ४५ दिवसांत आयुष्य मोजता येत नाही. शिवाय अभ्यासात शोधनपूर्वक दिलेले विशिष्ट रसायन होते. मसुद्यातील कल्प वेगळा, मात्रा वेगळी, शोधनाचा तर उल्लेखही नाही. वस्त्र मलिन असता रंग चढत नाही, हे आपण विद्यार्थ्यांना शिकवितो आणि वेष्टनावर विसरतो.

एका थोर व्यक्तीच्या उदाहरणाचा दाखलाही वारंवार दिला जातो. पंडित मदनमोहन मालवीय यांनी वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, १९३८ साली, कुटीप्रावेशिक कायाकल्प करविला; १९४६ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या श्रद्धेविषयी आदर बाळगूनही, एका व्यक्तीवरून कल्पाचे फल ठरविता येत नाही, असेच म्हणावे लागते.

आपण काय करावे

प्रथम, ‘टेलोमिअर म्हणजे ओज’ किंवा ‘एमटॉर म्हणजे अग्नी’ अशी सुलभ समीकरणे टाळावीत. दोन्ही शास्त्रांच्या परिभाषा स्वतंत्र आहेत. साम्य दिसते तेथे ते संशोधनाचा विषय मानावे, निष्कर्ष मानू नये.

दुसरे, वेष्टनावर ग्रंथाधार, घटकद्रव्ये, मात्रा, अनुपान व शर्करेचे प्रमाण स्पष्ट लिहावे. औषधाच्या स्वरूपाविषयी दिशाभूल करणारी जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात अधिनियमाने निषिद्ध आहे; परंतु कायद्याच्या आधी आपली विश्वासार्हता पणास लागते.

तिसरे, चिकित्सकांनी नोंदी ठेवाव्यात. रसायन सेवन करणाऱ्या रुग्णाची क्षुधा, निद्रा, वजन, मुठीची पकड, ठराविक अंतर चालण्यास लागणारा वेळ, वर्षातील ज्वर-कासाचे प्रसंग यांची आरंभी व दर तीन महिन्यांनी नोंद करण्यास महागडी प्रयोगशाळा लागत नाही. अकालकृत जरा रोखली गेली किंवा नाही, याचे उत्तर अशाच नोंदींतून मिळावयाचे आहे.

त्या औषधनिर्मात्यांना लेखकाने हेच सविस्तर कळविले. माहितीपत्रक पुन्हा छापले गेले. त्यावर आता एवढेच आहे : ‘ग्रंथोक्त रसायन. वैद्याच्या सल्ल्याने, शोधनानंतर सेवन करावे.’ विक्री थोडी मंदावली, असे ते म्हणाले. तथापि पूर्वीचे वाक्य एखाद्या जाणत्या रुग्णाने मूळ अभ्यासाशी ताडून पाहिले असते, तर त्या कल्पाबरोबर रसायनतंत्रावरीलही त्याचा विश्वास उडाला असता. ती हानी कोणत्याही विक्रीने भरून निघाली नसती.