पेनड्राइव्हवर अख्खा संगणक!

मित्रांनो, पेनड्राइव्ह म्हटलं की काय आठवतं? गाणी, फोटो, नाहीतर झेरॉक्सच्या दुकानात न्यायचा प्रकल्प. पण याच बोटभर वस्तूतून बंद पडलेला संगणकही सुरू करता येतो, बरं का!

बटण दाबलं की संगणक आधी शोधतो, मला चालवणारी प्रणाली आहे कुठे? एरवी ती हार्ड डिस्कवर असते. आपण त्याला सांगायचं, "बाबा रे, आज इकडे पेनड्राइव्हमध्ये बघ." मग तिथली प्रणाली रॅममध्ये येते आणि कामाला लागते. आपण मुद्दाम काही केलं नाही, तर हार्ड डिस्कवरचं सगळं जिथल्या तिथे राहतं. जर्मनीच्या क्लाउस क्नॉपर यांनी २००० साली लिनक्सची अशीच एक सीडी काढली होती. तेच काम आता पेनड्राइव्ह करतो.

आमच्या शाळेतल्या एका संगणकावर विंडोज सुरूच होईना. स्नेहसंमेलनाचे सगळे फोटो आत अडकलेले! सातवीच्या मुलांनी असा पेनड्राइव्ह लावला आणि फोटो दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून घेतले. डिस्क शाबूत होती म्हणून जमलं. तीच बिघडली असती, किंवा तिला सांकेतिक कुलूप असतं, तर एवढ्याने भागलं नसतं.

हा बनवायचा कसा? ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. लिनक्स मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल उतरवा. ती नुसती कॉपी करून चालत नाही. विंडोजवर 'रूफस' नावाचं मोफत साधन ती नीट मांडून देतं. पण थांबा! पेनड्राइव्हवरचं जुनं सगळं पुसलं जातं. म्हणून आईच्या ऑफिसचा पेनड्राइव्ह आणि जोडलेली जादा डिस्क आधी काढून ठेवा. यादीत चुकीचं नाव निवडलं की गेलं सगळं.

फाइल धड उतरली का, हेही तपासायचं. संकेतस्थळावर तिचा ६४ अंक-अक्षरांचा एक ठसा दिलेला असतो, त्याला शा-२५६ म्हणतात. आपल्या फाइलचा ठसा काढून ताडून बघा. एक अक्षर जरी वेगळं आलं, तरी फाइल पुन्हा उतरवा. कंटाळा करू नका!

आता खरी परीक्षा. संगणक बंद करून चालू करा आणि लगेच एफ१२ किंवा एस्केप दाबा (कळ कंपनीप्रमाणे बदलते). यादीतून पेनड्राइव्ह निवडा. पडद्यावर 'इन्स्टॉल'चं चित्र दिसेल, त्याला हात लावायचा नाही! त्याने हार्ड डिस्क पुसली जाऊ शकते. आवाज येतो का, वायफाय लागतं का, ते बघा. इथे लिहिलेलं संगणक बंद करताच नाहीसं होतं, तेव्हा हवं ते दुसऱ्या पेनड्राइव्हवर ठेवा.

पालकहो, विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरातला जुना संगणक भंगारात घालण्याआधी मुलांसोबत बसून एक रविवार तो असा चालवून तर बघा.