नदीचे पंचांग

नदीत पाणी किती, असा प्रश्न केला की उत्तराची अपेक्षा बहुधा एकाच आकड्याची असते. वर्षाकाठी इतके पाणी वाहून जाते, त्यातील इतके अडविता येईल, इतके शेतीला व इतके शहरांना देता येईल, असा हिशेब मांडला की नदीचे गणित सुटले असे वाटते. परंतु वर्षाचा जमाखर्च जुळला म्हणून वैशाखात घागर भरलेली असेलच असे नाही. नदीला पाणी किती मिळाले याइतकेच ते केव्हा आणि किती दिवस मिळाले यालाही महत्त्व असते.

पंचांगाला तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण अशी पाच अंगे असतात. प्रवाहाचीही अशीच पाच अंगे लेरॉय पॉफ आणि त्यांचे सहकारी या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९७ साली मांडली. पहिले अंग पाण्याचे परिमाण. दुसरे, विशिष्ट पूर किंवा टंचाई किती वेळा येते ती वारंवारता. तिसरे, ती स्थिती किती दिवस टिकते तो कालावधी. चौथे, ती कोणत्या ऋतूत येते तो समय. आणि पाचवे, पाणी चढण्या-उतरण्याचा वेग. जीवसृष्टीचे व्यवहार या अंगांशी बांधलेले असतात. पहिल्या पुराची वर्दी लागताच मासा विणीसाठी निघतो. पाणी सावकाश ओसरले तरच काठावरचे रोप मूळ धरते. मोठा पूर आला तरच दूरच्या शेतावर गाळाचा नवा थर बसतो. एकूण पाणी तेवढेच ठेवून यांतील एखादे अंग बदलले, तरी नदीची सृष्टी बदलते.

गंगेवरील फराक्का बंधाऱ्याचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. गंगेचा मुख्य प्रवाह पूर्वेकडे पद्मेत वळला, आणि कलकत्त्यावरून जाणारी भागीरथी-हुगळी ही जुनी शाखा क्षीण झाली. तिचे मुख उन्हाळ्यात वाळूने बुजे. समुद्राची भरती आत आणीत असलेला गाळ परत लोटण्याइतके पाणी वरून येत नसे. त्यामुळे बंदर उथळ होऊ लागले आणि शहराच्या पाण्यात खारेपणा वाढू लागला. यावर उपाय म्हणून सुमारे सव्वादोन किलोमीटर लांबीचा बंधारा बांधण्यात आला आणि १९७५ साली तो कार्यान्वित झाला. तेथून सुमारे अडतीस किलोमीटरांच्या कालव्याने सेकंदाला ४०,००० घनफूट, म्हणजे ४०,००० क्युसेक पाणी भागीरथीत सोडावयाचे, अशी योजना होती.

बंधाऱ्याची रचना २७ लाख क्युसेकचा पूर वाहून जाईल अशी आहे. उलट १९७७ च्या भारत-बांगलादेश करारात एप्रिलच्या अखेरच्या दहा दिवसांसाठी गृहीत धरलेला प्रवाह केवळ ५५,००० क्युसेक होता. तो पूर आणि हा प्रवाह यांत जवळजवळ पन्नासपटीचे अंतर आहे! श्रावणात ४०,००० क्युसेक काढून घेतले तर नदीला त्याची जाणीवही होत नाही. चैत्रात तेवढेच काढले तर मागे फारसे काही उरत नाही. आकडा तोच, परंतु ऋतू निराळा. आणि वादाचे मूळ नेमके येथेच आहे.

या बदलाचे मूल्यमापन करताना दोन्ही पारड्यांत प्रामाणिकपणे वजन टाकावे लागते. हुगळीत गोडे पाणी आले, खारेपणा मागे हटला आणि कलकत्त्याच्या पिण्याच्या पाण्याला आधार मिळाला. मात्र बंदराच्या खोलीविषयीची अपेक्षा पूर्णपणे फळाला आली नाही. गाळ उपसण्याचे काम सुटले नाही आणि मोठ्या जहाजांसाठी समुद्राच्या अधिक जवळ हल्दिया बंदर उभे राहिले. दुसऱ्या पारड्यात हिलसा मासा आहे. बंगालच्या उपसागरातून तो अंडी घालण्यासाठी नदीत चढतो आणि पूर्वी प्रयागपर्यंत व त्याच्याही वर सापडत असे. बंधाऱ्यानंतर वरच्या अंगाचे त्याचे उत्पन्न जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यावर जगणाऱ्या मच्छीमारांची जाळी रिकामी येऊ लागली. बांगलादेशात पद्मेची गोराई ही शाखा उन्हाळ्यात आटू लागली आणि खुलना भागात खारे पाणी आत सरकले. सुंदरबनातील सुंदरी वृक्ष शेंड्याकडून वाळत जातो, त्यामागेही हा खारेपणा एक कारण मानले जाते. मालदा आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत काठ कोसळून गावेच्या गावे नदीत गेली.

मात्र हे सारे एकट्या बंधाऱ्याच्या माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. हरिद्वारचा कालवा १८५४ पासून गंगेचे पाणी उचलीत आहे. पुढे नरोऱ्याहूनही पाणी जाते. उन्हाळ्यातील नदी बऱ्याच अंशी जमिनीतून पाझरणाऱ्या पाण्यावर वाहते, आणि नलिकाकूपांनी तो झराच खाली ओढला आहे. म्हणून अभ्यासक प्रथम प्रवाहाच्या दैनिक नोंदी घेतात. नदीच्या छेदात ठिकठिकाणी खोली व वेग मोजून त्या मिळालेल्या असतात. बदलापूर्वीची वर्षे एका बाजूस आणि नंतरची दुसऱ्या बाजूस ठेवून पाचही अंगे ताडून पाहिली जातात. पावसातील चढउतार त्यांतून वेगळा काढावा लागतो. त्या तक्त्याशेजारी मासळीच्या, विहिरींच्या खारेपणाच्या आणि वृक्षांच्या नोंदी मांडल्या, म्हणजे कोणत्या अंगाला धक्का बसला आणि कोणाचे नुकसान झाले, हे दिसू लागते.

१९९६ च्या डिसेंबरात दोन्ही देशांनी तीस वर्षांचा करार केला. त्यात जानेवारी ते मे या काळातील पाण्याची वाटणी दहा-दहा दिवसांच्या हप्त्यांनी ठरली. प्रवाह ७०,००० क्युसेक वा त्याहून कमी असेल तर निम्मे-निम्मे पाणी घ्यावयाचे. ऋतू ओळखणारी ही वाटणी वर्षाच्या सरासरीपेक्षा निश्चितच शहाणपणाची आहे. परंतु तिचा आधार १९४९ ते १९८८ या चाळीस वर्षांची सरासरी हा आहे, आणि तक्त्यातील वाटेकरी दोनच आहेत. हिलसा किंवा सुंदरी यांच्या नावे त्यात रकाना नाही.

भारताने २०१८ साली अधिसूचना काढून गंगेत राखावयाचा किमान प्रवाह ठरविला. देवप्रयाग व हरिद्वारपर्यंतच्या वरच्या टप्प्यात तो ऋतूप्रमाणे मासिक सरासरीच्या २० ते ३० टक्के धरला आहे. नरोऱ्याच्या खाली सेकंदाला २४ घनमीटर, तर पावसाळ्यात ४८. नदीलाही स्वतःच्या पाण्यावर हक्क आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. मात्र ही अधिसूचना उन्नावपर्यंतच थांबते. फराक्का तिच्या कितीतरी खाली आहे.

१९९६ च्या कराराची मुदत डिसेंबर २०२६ पर्यंतची आहे. त्यापुढची वाटणी कागदावर मांडताना क्युसेकचे रकाने दोन्ही बाजूंनी काटेकोरपणे तपासले जातील, यात शंका नाही. त्याच वेळी फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंतच्या चार महिन्यांत नदीच्या पात्रात नदीसाठी किती पाणी राहिले, हा तिसरा रकानाही उघडला जावयास हवा. तो रिकामा राहिला, तर दोन्ही देशांना मिळालेल्या वाट्याची बेरीज कितीही बिनचूक असली तरी तिचे मोल खुलन्याच्या शेतकऱ्याला खाऱ्या विहिरीच्या रूपाने आणि प्रयागच्या मच्छीमाराला रिकाम्या जाळ्याच्या रूपाने मोजावे लागेल.