वडिलांची पाठमोरी आकृती : एका चिनी लेखाची ओळख

बाप-लेकाचं पटत नाही हे आपण घरोघरी बघतो. पण अबोला संपलेला नसताना मुलगा वडिलांविषयी लिहायला बसला, तर काय लिहील? चीनचे लेखक झू झिचिंग (1898–1948) यांनी 1925 साली असाच एक छोटा लेख लिहिला. 'पाठमोरी आकृती' असं त्याचं नाव.

आधी काळ समजून घेऊ. कन्फ्यूशियसच्या शिकवणीनुसार चीनमध्ये शेकडो वर्षे वडिलांचा शब्द मोडायचा नाही, अशी रीत होती. पण 1905 मध्ये सरकारी अधिकारी निवडणारी जुनी परीक्षा बंद झाली आणि 1912 मध्ये राजेशाही संपली. 1919 च्या चळवळीच्या काळात तरुण उघडपणे विचारू लागले, "मोठे म्हणतील तेच खरं का?" पेकिंग विद्यापीठात शिकलेले झू याच पिढीतले.

प्रसंग आहे 1917 च्या हिवाळ्यातला. आजी वारलेली, वडिलांची नोकरी गेलेली, डोक्यावर कर्ज. मुलगा बीजिंगला परत निघाला, तेव्हा वडील नानजिंगजवळच्या पुखौ स्टेशनवर त्याला सोडायला आले. ते हमालाशी घासाघीस करू लागले. मुलाला वाटलं, यांना धड बोलताही येत नाही! गाडीत बसवून दिल्यावर वडील म्हणाले, संत्री घेऊन येतो. स्थूल शरीर, अंगात जाड कापसाचा अंगरखा. रूळ ओलांडून, हात टेकून ते समोरच्या फलाटावर कसेबसे चढले. ती पाठ बघून मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांना दिसू नये म्हणून त्याने ते पटकन पुसलं.

पुढे दुरावा वाढला. परिस्थितीने खचलेले वडील घरात बारीकसारीक गोष्टींवरून चिडू लागले. लेख लिहिला तेव्हा दोघांची दोन वर्षांहून जास्त काळ भेट नव्हती. अशात वडिलांचं पत्र आलं. हात फार दुखतो, लेखणी धरवत नाही, आता आपले फार दिवस उरले नाहीत, असं त्यात होतं. ते वाचताना मुलाला पुन्हा तीच पाठ दिसली.

एक गोष्ट लक्षात घ्या. कोण बरोबर, कोण चूक याचा निवाडा लेखक करत नाही. वडिलांचा राग तो लपवत नाही आणि स्टेशनवरचा स्वतःचा शहाणपणाही लपवत नाही. म्हणूनच हा लेख खरा वाटतो. चीनमधल्या कितीतरी पिढ्यांनी तो शाळेत अभ्यासला आहे.

करून पाहा : तुमच्या वडिलांनी तुमच्यासाठी न बोलता केलेली एक गोष्ट आठवा. पाच-सहा ओळींत लिहा. 'प्रेम' हा शब्द मात्र वापरायचा नाही!