लाल ठिपका काढलात का?

पुण्यात फ्लॅट शेअर करून राहत असाल, तर सकाळी कचरा न्यायला येणाऱ्या मावशी तुमच्या ओळखीच्या असतील. निदान त्यांची हाक तरी. आपण झोपेतच डबा दाराबाहेर सरकवतो आणि परत पांघरुणात शिरतो. पुढे तोच कचरा त्या हाताने निवडतात. वापरलेलं पॅड काळ्या पिशवीत कोंबलेलं असेल, तर आत काय आहे ते त्यांना गाठ सोडल्यावरच कळतं. (मुलांनो, पान उलटू नका. दाढीची उघडी ब्लेड्स कोण टाकतं?)

उपाय साधा आहे. पॅड कागदात घट्ट गुंडाळायचं आणि वर लाल ठिपका काढायचा. म्हणजे ते पुडकं न उघडताच बाजूला काढता येतं. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने पुण्यात ही 'रेड डॉट' मोहीम चालवली. या बायका गप्प बसणाऱ्या नाहीत बरं का! २०१३ मध्ये त्यांनी वापरलेली पॅड्स पिशव्यांत भरून थेट ती बनवणाऱ्या कंपन्यांकडे पाठवली होती. २०१६ च्या घनकचरा नियमांत मग पॅडसोबत विल्हेवाटीची पिशवी देण्याचा मुद्दा आला. तुमच्या पाकिटात ती मिळते का, बघा. पॅड गुंडाळूनच टाकण्याची जबाबदारी मात्र त्याच नियमांनी आपल्यावरही टाकली.

पिशवी नसली तर रद्दी पेपर चालतो. वाचून झाल्यावर ही पुरवणीसुद्धा! एक लाल स्केचपेन दोऱ्याने बांधून बाथरूमच्या दाराला टांगून ठेवा, रूममेटला वेगळं सांगावं लागणार नाही.